वाचकांचे प्रश्न : क्लिफ्टन शेनिए आणि त्यांचे अकॉर्डियन

गेल्या अंकात अकॉर्डियन या वाद्यावर एक छोटे टिपण आले होते. अमेरिकेतील लुईझियाना राज्याचे वादक क्लिफ्टन शेनिए यांचा त्यात ओझरता उल्लेख होता. त्यांनी तेथील क्रिओल लोकांच्या नाचगाण्याला झायडेको या नावाने जगापुढे आणले आणि त्यासाठी बटणांचे लहान अकॉर्डियन सोडून पियानोसारख्या पट्ट्यांचे मोठे अकॉर्डियन हाती घेतले, एवढेच तेथे म्हटले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काही निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी भजनी मंडळात पेटीची साथ करतो. आपले टिपण वाचून नातवाने मोबाइलवर शेनिए यांचे वादन शोधून ऐकवले. इतका जोरकस भाता मी यापूर्वी ऐकला नव्हता. हे गृहस्थ कोण, कोणत्या घरातले आणि शिकले कोणाकडे? त्या वादनात मागे पत्रा खरवडल्यासारखा आवाज सतत येतो, तो कशाचा? (एक वाचक, सदाशिव पेठ)

उत्तर : क्लिफ्टन शेनिए यांचा जन्म २५ जून १९२५ रोजी लुईझियानातील ओपलूसस या गावाजवळ झाला. वडील जोसेफ शेनिए दुसऱ्याची जमीन वाट्याने कसत आणि घरातली मुलेही हाताशी आली की शेतावर राबत. कुटुंब क्रिओल समाजातले होते. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांचे रक्त, फ्रेंच बोली आणि कॅथलिक धर्म अशी या समाजाची घडण आहे. त्याच प्रदेशात कॅनडातून अठराव्या शतकात हुसकावून लावलेल्या गोऱ्या फ्रेंच भाषकांचे वंशज राहतात, त्यांना केजन म्हणतात. दोन्ही समाजांनी एकमेकांच्या चाली मनमोकळेपणाने घेतल्या, परंतु वर्णभेदाच्या त्या काळात नाचाच्या जागा वेगळ्याच राहिल्या.

आपण विचारता तसे गुरू आणि तालीम या अर्थाने शेनिए यांचे शिक्षण झाले नाही. वडील स्वतः अकॉर्डियन वाजवत. आठवडाभराचे काम संपले की कोणाच्या तरी घरातील सामानसुमान बाहेर काढून मोकळ्या केलेल्या खोलीत नाच होत असे आणि अशा नाचांना ते साथ करीत. काका फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवत. मुलाच्या कानावर पडले ते हे, आणि त्याच्या जोडीला रेडिओवरचे व तबकड्यांवरचे ब्लूज, म्हणजे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे सुखदुःखाचे गाणे. ही दोन्ही वळणे पुढे त्यांच्या वादनात एकत्र आली.

आता त्या पत्र्याविषयी. १९४० नंतरच्या दशकात क्लिफ्टन आणि त्यांचे थोरले बंधू क्लीव्हलंड टेक्सासमधील पोर्ट आर्थर परिसरात तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या कामावर गेले. तोपर्यंत या संगीतात तालासाठी कपडे धुण्याची पन्हळी फळी वापरत. ती गळ्यात दोरीने अडकवायची किंवा मांडीवर धरायची आणि खरवडायची. फळी हलत राही, दोरी मानेला काचे आणि उभ्याने नाचत वाजवणे जमत नसे. १९४६ मध्ये क्लिफ्टन यांनी विली लँड्री या पत्र्याचे काम जाणणाऱ्या कारागिराला जमिनीवर मातीत रेघा ओढून आपल्याला काय हवे आहे ते दाखवले. वरच्या बाजूला दोन्ही खांद्यांवर बसतील अशा वाकवलेल्या पट्ट्या आणि त्यांच्या खाली छातीपोटावर बंडीसारखा पडणारा पन्हळी पत्रा, असे ते चित्र होते. लँड्री यांनी ते बनवून दिले आणि तेथून फ्रोतुआर हे वाद्य आजच्या रूपात आले. क्लीव्हलंड दोन्ही हातांत बाटल्या उघडण्याचे ओपनर धरून ते वाजवत. आपल्या भजनात टाळ जे काम करतात तेच काम येथे हा पत्रा करतो. आपण पुन्हा ऐकाल तेव्हा अकॉर्डियन थोडा वेळ बाजूला ठेवून केवळ क्लीव्हलंड यांच्या हातांकडे लक्ष द्यावे. दोन हातांची वजने वेगळी आहेत, आणि अकॉर्डियन ज्या ठिकाणी श्वास घेते तेथे ते पत्रा किंचित दाबून खरवडतात. आयुष्यभर एकत्र वाजवलेल्या भावांनाच हे साधावे.

प्रश्न : मी पेटी शिकते. बटणांचे अकॉर्डियन सोडून पियानो अकॉर्डियन घेतल्याने नेमका काय फरक पडला? दोन्हींतले सूर एकाच जातीचे असतील तर वाद्य बदलण्याला इतके महत्त्व का द्यावे? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : सूर एकाच जातीचे आहेत हे आपले म्हणणे बरोबर आहे. हवेच्या झोताने थरथरणारी धातूची जीभ हेच पेटीचे मूळ आणि हेच अकॉर्डियनचे. व्हिएन्नामध्ये सिरिल डेमियन यांनी १८२९ मध्ये ज्या वाद्याचे पेटंट घेतले त्याच्यापासून अकॉर्डियन हे नाव चालत आले आहे. फरक आहे तो हे सूर वादकाच्या हाताला कसे मिळतात यात.

लुईझियानात रूढ असलेल्या लहान अकॉर्डियनला उजव्या हातासाठी एका रांगेत दहा बटणे असतात. प्रत्येक बटणावर भाता दाबताना एक स्वर मिळतो आणि ओढताना दुसरा. हे सगळे स्वर एकाच स्वरमालेतले, आपल्या हिशेबाने बिलावल थाटातले असतात. म्हणजे वाद्य ज्या पट्टीत बनवले त्या पट्टीच्या षड्जावरून वाजवताना कोमल गंधार आणि कोमल निषाद त्यात नाहीतच. ही उणीव एका बाजूने गुणही ठरते. चाल पुढे न्यायची तर भाता सतत उलटसुलट करावा लागतो, त्यामुळे वादनाला आपोआप एक झोक येतो आणि नाचणाऱ्यांना तो हवाच असतो. शेनिए यांच्या आधीच्या पिढीतील थोर क्रिओल वादक अमेदे आर्दोआँ यांनी १९२९ ते १९३४ या काळात केलेली ध्वनिमुद्रणे याच लहान वाद्यावरची आहेत आणि त्यांत काही कमी आहे असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

परंतु शेनिए यांना ब्लूज वाजवायचे होते आणि ब्लूजचा प्राण कोमल गंधार व कोमल निषाद यांत आहे. त्यांना सॅक्सोफोन आणि इलेक्ट्रिक गिटार सोबत घ्यायचे होते, गायनाच्या सोयीने पट्टी बदलायची होती. पियानो अकॉर्डियनवर बाराही स्वर मिळतात आणि भाता दाबला काय किंवा ओढला काय, पट्टी तोच स्वर देते. पूर्ण आकाराच्या वाद्याला उजव्या हातासाठी ४१ पट्ट्या आणि डाव्या हातासाठी १२० बटणे असतात. ही बटणे मंद्र स्वर आणि तयार स्वरमेळ देतात. वजन दहा किलोच्या आसपास किंवा त्याहून अधिक भरते. ते खांद्याला अडकवून रात्रभर उभे राहणे हीच एक मेहनत आहे.

येथे एक अडचण मात्र होती. लहान वाद्याचा आपोआप येणारा झोक मोठ्या वाद्यात नाहीसा होतो, कारण त्यात भाता उलटण्याची सक्तीच उरत नाही. पियानो अकॉर्डियनवरचे पुष्कळसे वादन गुळगुळीत लागते ते यामुळेच. शेनिए यांनी सक्ती नसतानाही भात्याला झटके देणे सोडले नाही. एकच स्वरमेळ धरून ठेवून ते भात्याने त्याचे तुकडे पाडतात, जणू भाता हेच तालवाद्य आहे. आपल्या पेटीत डावा हात पाठीमागचा पंखा हलवतो आणि हवा आतल्या भात्यात साठून एकसारखी सुराला मिळते, म्हणून असा झटका पेटीवर तितकासा उमटत नाही. अकॉर्डियनमध्ये साठा नाही. डाव्या हाताची प्रत्येक हालचाल थेट सुरापर्यंत पोचते. सदाशिव पेठेतील वाचकांना जो जोर जाणवला तो येथून येतो. नवे वाद्य घेऊनही जुन्या वाद्याचा झोक हातात टिकवणे, हे माझ्या मते शेनिए यांचे सर्वांत मोठे काम आहे. मंचावर ते घालत तो राजाचा मुकुट आणि त्यांना मिळालेले पुरस्कार यांची नोंद मी त्यानंतर करीन.

प्रश्न : विश्वजालावर मिळालेल्या माहितीनुसार शेनिए यांचे गाणे १९५५ मध्ये गाजले, परंतु मोठा पुरस्कार मिळाला तो १९८४ मध्ये. मधल्या तीसेक वर्षांत काय घडले? आणि एका संग्राहकाने त्यांना पुन्हा फ्रेंच गाण्यांकडे वळवले, हे खरे आहे का? (एक वाचक, कर्वेनगर)

उत्तर : शेनिए यांच्या पहिल्या तबकड्या १९५४ मध्ये एल्को या छोट्या कंपनीने काढल्या. पुढच्या वर्षी लॉस एंजेलिसच्या स्पेशाल्टी कंपनीसाठी त्यांनी 'ए तेत फी' हे गाणे ध्वनिमुद्रित केले. त्याला यश मिळाले आणि त्या बळावर ते दूरवर दौरे करू लागले. पण हे यश टिकले नाही. दशकाच्या अखेरीस मोठ्या कंपन्यांनी लक्ष काढून घेतले आणि शेनिए ह्यूस्टन शहरातील क्रिओल वस्तीतल्या छोट्या मद्यगृहांत वाजवत राहिले.

आपला दुसरा प्रश्न समजून घेण्यासाठी भाषेची स्थिती माहीत असावी लागते. लुईझियानाच्या १९२१ च्या राज्यघटनेने शाळांत केवळ इंग्रजीतून शिकवण्याचे बंधन घातले. वर्गात फ्रेंच बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होत असे. शेनिए यांची पिढी याच काळात वाढली. घरात, शेतावर आणि नाचाच्या खोलीत एक भाषा आणि बाहेर मान मिळवायचा तर दुसरी, अशी ती ओढाताण होती. फ्रेंचचे रक्षण करण्यासाठी राज्याने अधिकृत परिषद स्थापन केली ती १९६८ मध्ये. म्हणजे पिढ्या न् पिढ्यांचे नुकसान होऊन गेल्यावर.

आता तो प्रसंग. ख्रिस स्ट्राखविट्झ हे जर्मनीत जन्मलेले आणि अमेरिकेत वाढलेले संग्राहक. त्यांनी १९६० मध्ये आर्हुली ही कंपनी काढली होती आणि १९६४ मध्ये ते ब्लूज गायक लाइटनिन हॉपकिन्स यांच्याकडे ह्यूस्टनला आले होते. शेनिए हॉपकिन्स यांच्या पत्नीच्या नात्यातले. हॉपकिन्स त्या रात्री स्ट्राखविट्झ यांना फ्रेंचटाउन भागातील एका लहानशा मद्यगृहात घेऊन गेले. समोर मोजकी मंडळी होती, साथीला फक्त ड्रम, आणि शेनिए अकॉर्डियनवर फ्रेंचमधून ब्लूज गात होते. स्ट्राखविट्झ यांनी लगेच ध्वनिमुद्रणाचे ठरवले. पण दोघांच्या मनातली तबकडी वेगळी होती. स्ट्राखविट्झ यांना रात्री ऐकलेले ते फ्रेंच गाणे हवे होते, तर शेनिए यांना त्या काळी खपणारे रिदम अँड ब्लूज, म्हणजे ब्लूजमधून निघालेले ठेकेदार नाचगाणे, पूर्ण वाद्यवृंदासह. अखेर तडजोड झाली. १९६५ मध्ये निघालेल्या मोठ्या तबकडीची एक बाजू फ्रेंच गाण्यांना आणि दुसरी रिदम अँड ब्लूजला देण्यात आली.

संग्राहकाने कलावंताला त्याच्या मुळांकडे परत नेले, अशी ही हकिकत पुष्कळदा सांगितली जाते. मला ती अन्यायकारक वाटते. शेनिए फ्रेंचपासून दूर गेलेच नव्हते. त्या रात्री कोणी परदेशी जाणकार येणार म्हणून ते फ्रेंच गात नव्हते. समोर बसलेली माणसे त्यांच्या भाषेची होती म्हणून गात होते आणि दर आठवड्याला तसेच गात आले होते. मात्र ज्या भाषेला शाळेत छडी बसत होती तिच्यातून काढलेली तबकडी दुकानात खपेल यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता, आणि जगाचा तोवरचा अनुभव पाहता त्यांनी तो का ठेवावा? स्ट्राखविट्झ यांचे श्रेय मी कमी करीत नाही. त्यांनी चिकाटीने पुढची अनेक वर्षे शेनिए यांच्या तबकड्या काढल्या आणि ती भाषा विकत घेणारे श्रोते आहेत हे सिद्ध केले. पण भाषा जपली ती शेनिए यांनी आणि त्यांच्यासमोर नाचणाऱ्या लोकांनी. शिवाय तबकडीच्या दुसऱ्या बाजूसाठी शेनिए यांनी धरलेला हट्टही योग्यच होता, कारण तरुण श्रोते त्या बाजूने आत आले आणि मग फ्रेंच गाण्यांपाशी थांबले. झायडेको आज जिवंत आहे ते या दोन बाजूंमुळे.

मधली वर्षे तशी रिकामी नव्हती. १९६६ मध्ये त्यांनी बर्कलीच्या ब्लूज महोत्सवात वाजवले, १९६९ मध्ये ते अमेरिकी ब्लूज कलावंतांच्या मेळ्यातून युरोपात गेले आणि १९७५ मध्ये त्यांनी 'बोगालूसा बूगी' ही तबकडी केली. मंचावर ते डोक्यावर मुकुट घालून येत आणि लोक त्यांना झायडेकोचा राजा म्हणत. तरीही त्यांच्या मिळकतीचा आणि कीर्तीचा आधार राहिला तो लुईझियाना आणि टेक्सासमधील नाचघरांचा व कॅथलिक चर्चच्या सभागृहांचा. तेथे ते मध्यंतर न घेता चार चार तास वाजवत.

१९८४ मध्ये त्यांना 'आय अ‍ॅम हिअर' या तबकडीसाठी ग्रॅमी हे अमेरिकेतील संगीताचे मानाचे पारितोषिक मिळाले आणि त्याच वर्षी लोककलावंतांसाठीची राष्ट्रीय फेलोशिपही. तोवर मधुमेहाने शरीर पोखरले होते. एक पाऊल कापावे लागले होते, मूत्रपिंडे निकामी होऊन डायलिसिस सुरू झाले होते आणि तरी कार्यक्रम चालूच होते. १२ डिसेंबर १९८७ रोजी लाफायेत येथे त्यांचे निधन झाले. मरणोत्तर जीवनगौरव ग्रॅमी २०१४ मध्ये जाहीर झाले.

प्रश्न : आमच्या घरी अकॉर्डियनची ओळख हिंदी चित्रपटगीतांमधून आणि पुण्यातल्या वाद्यवृंदांमधून झाली. ते वादन आणि शेनिए यांचे वादन यांत काही नाते आहे का? ऐकायला कोठून सुरुवात करावी, आणि यातले काही घरच्या पेटीवर वाजवता येईल का? (एक वाचक, पुणे लष्कर भाग)

उत्तर : वाद्य एकच, जबाबदारी वेगळी. आपल्याकडे अकॉर्डियन हे चित्रपटसंगीतातील मोठ्या वाद्यमेळातले एक वाद्य होते. 'आराधना' (१९६९) या चित्रपटातील 'रूप तेरा मस्ताना' या गाण्यात केरसी लॉर्ड यांनी वाजवलेले अकॉर्डियनचे तुकडे घ्या. गायकाची ओळ संपते, तुकडा येतो, मोजक्या स्वरांत वातावरण भरून टाकतो आणि बाजूला होतो. ही कला अत्यंत अवघड आहे आणि पुण्याचे एनॉक डॅनियल्स यांच्यासारख्या वादकांनी ती आपल्या शहराच्या ओळखीची केली. गाण्याची अख्खी चाल अकॉर्डियनवर वाजवण्याचे त्यांचे कार्यक्रम आणि तबकड्या ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना हे वाद्य गळ्याच्या किती जवळ जाऊ शकते हे सांगावे लागणार नाही. शेनिए यांच्याकडे मात्र अकॉर्डियन बाजूला होतच नाही. तेच गाणे सुरू करते, तेच नाच चालू ठेवते, गाताना गायकाच्या पाठीशी तेच असते आणि गायकही वादकच. वाद्यवृंद त्याच्याभोवती उभा असतो.

सुरुवात 'बोगालूसा बूगी'पासून करावी. शेनिए यांचा संच तेव्हा ऐन भरात होता. जॉन हार्ट यांचा सॅक्सोफोन, क्लीव्हलंड यांचा फ्रोतुआर आणि या सगळ्यांच्या पुढे शेनिए यांचा भाता, असे ते वादन आहे. नंतर मागे जाऊन १९६५ ची तबकडी ऐकावी. वेगवान गाणी लगेच आवडतील, तरी संथ ब्लूज आणि वॉल्ट्झ, म्हणजे तीन मात्रांच्या नाचाच्या चाली, यांच्यासाठी वेळ काढावा, असे मी आग्रहाने सांगेन. एक फ्रेंच ओळ गाऊन झाल्यावर शेनिए जो स्वर धरतात तो संपताना भाता किती हळू सोडतात, हे तेथेच कळते. पुढची पिढी ऐकायची असल्यास त्यांचे पुत्र सी. जे. शेनिए आणि क्लिफ्टन यांच्याच संचात ऑर्गन वाजवून मग स्वतः अकॉर्डियन उचलणारे स्टॅन्ली डुरल, म्हणजेच बकव्हीट झायडेको, यांची ध्वनिमुद्रणे मिळतात.

पेटीवर चाली नक्की वाजतील. वर सांगितलेल्या कारणाने भात्याचा झटका तितका येणार नाही, पण आतला भाता फार भरू न देता तोकड्या हाताने हवा दिली तर थोडा जवळ जाता येते. स्वरांच्या बाबतीत एक प्रयोग करून पाहावा. षड्ज आणि पंचम धरून ठेवावेत आणि कोमल गंधाराची पट्टी दाबून बोट तसेच घसरवत शुद्ध गंधारावर आणावे, इतके लगेच की क्षणभर दोन्ही स्वर एकत्र वाजतील. आपल्या कानाला हे आधी खटकेल. जोग रागात दोन्ही गंधार आहेत खरे, पण तेथे आरोहात शुद्ध आणि अवरोहात कोमल अशी त्यांची जागा ठरलेली असते. येथे ते एकमेकांना खेटून येतात. त्यावर कोमल निषाद घेऊन षड्जावर यावे आणि हीच फेरी चार-सहा वेळा न थांबता करावी.